काय बे, रडतोस काय?

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

'मराठी विभागात मजकूर कमी पडतोय, काहीतरी दे ना,' असं संपादक मंडळातल्या वर्गमैत्रिणीनं सांगितलं, तेव्हा मी आधी हसून विषय टाळला. के.जी.पासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला मुलगा मी. पहिली वेलांटी कुठं आणि दुसरी कुठं, यावर आमच्या आईचं आणि माझं आजही एकमत होत नाही. शाळेच्या आवारात मराठी बोललं की दंड व्हायचा. त्यामुळे माझं मराठी तयार झालं ते गल्लीत, मैदानावर आणि नंतर हॉस्टेलवर. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका जाणकारांनी पोटात घालाव्यात.

तरीही लिहायला बसलो, कारण जे सांगायचंय ते मराठीतच सांगायला हवं. टोमणा मराठीत मारायचा आणि माफी तेवढी इंग्रजीत मागायची, हे काही बरं नाही. 'सॉरी' म्हणायला फार सोपं असतं हो!

गोष्ट फेब्रुवारी २०२५ची. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या क्रिकेट स्पर्धेची सेमीफायनल. शेवटच्या ओव्हरमध्ये समोरच्या टीमला आठ रन हवे होते. लाँग-ऑनला आमचा फर्स्ट इयरचा एक मुलगा उभा होता. मोहोळ तालुक्यातल्या एका खेड्यातला, शांत, हॉस्टेलमध्ये कधी मोठ्यानं बोलतानासुद्धा न दिसलेला. पण फील्डिंग अशी करायचा की चेंडू त्याच्याकडे गेला की आम्ही निर्धास्त. त्या दिवशी मात्र सोपा कॅच त्याच्या हाताला लागून दोरीपलीकडे गेला. सिक्स. पुढच्या दोन चेंडूंत आम्ही हरलो.

मॅचनंतर तो कुठं दिसेना म्हणून मी शोधायला गेलो. ग्राउंडच्या कोपऱ्यात पाण्याची मोटर बसवलेली खोली आहे, तिच्यामागं गुडघ्यात डोकं घालून रडत बसला होता. माझ्या मागोमाग आणखी पाच-सहाजण आले. मी सीनियर. खरं म्हणजे खांद्यावर हात ठेवून 'चल रे, होतं असं' एवढं म्हणायला मला काय झालं होतं? पण माझ्या तोंडून निघालं, "काय बे कांबळ्या, रडतोस काय पोरीसारखं?"

सगळे खो-खो हसले. मीही हसलो. एक गोष्ट मात्र मी तेव्हा कुणाला सांगितली नाही, ती इथं सांगतो. त्या मॅचमध्ये मी स्वतः शून्यावर आउट झालो होतो. दुसऱ्याच चेंडूवर, नको तो शॉट मारून. सगळे त्याच्यावर हसले आणि माझं शून्य कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

'कांबळ्या' हे नाव मला त्या क्षणी कुठून सुचलं? डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांच्या स्मारकाचं अनावरण झालं. तिथं सचिन तेंडुलकर व्यासपीठावर बसलेल्या विनोद कांबळीला भेटायला गेला. थकलेला, आजारी दिसणारा कांबळी त्याचा हात सोडायलाच तयार नव्हता. तो व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. त्याच्यामागून १९९६ची, मैदानातून रडत बाहेर पडणाऱ्या कांबळीची जुनी क्लिपही फिरली. माझा जन्म २००५चा. कांबळीला खेळताना मी कधी पाहिलंच नाही. माझ्यासाठी कांबळी म्हणजे फक्त 'तो रडणारा'.

पुढं काय झालं ते आपल्या हॉस्टेलच्या बऱ्याच जणांना माहीत आहे. पोरगा ताट घेऊन मेसमध्ये आला की कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज काढायचं. 'टॉवेल द्या रे कांबळ्याला!' असं ओरडायचं. रूमच्या दारावर खडूनं नाव लिहिलं गेलं. हॉस्टेलच्या ग्रुपवर ती १९९६ची क्लिप रोज कुणी ना कुणी टाकायचंच. सुरुवातीला तोसुद्धा हसायचा. तो हसतोय म्हणजे त्याला चालतंय, असा आम्ही सोयीस्कर अर्थ काढला. मग तो मेस बंद व्हायच्या वेळी, गार आमटी आणि वातड चपाती खायला एकटा येऊ लागला. मग नेट्सला यायचा बंद झाला. मार्चमध्ये त्यानं हॉस्टेल सोडलं. अर्जावर कारण लिहिलं होतं 'घरगुती अडचण'. तेव्हापासून तो रोज एस.टी.नं गावाहून ये-जा करतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी गेलो. बाबांची बदली लातूरला झाल्यापासून आमचं घर तिकडं आहे, पण बाबा मूळचे पक्के सोलापूरचे. आजोबा यंत्रमागावर होते. बाबांचं सगळं लहानपण इथल्या एका चाळीत गेलं. जेवताना मी हॉस्टेलच्या गमतीजमती सांगत होतो, त्यात ही 'गंमत'ही सांगितली. आई हसली नाही. बाबांनी तर घास खाली ठेवला.

"तू ती मॅच बघितलीस का रे कधी?" त्यांनी विचारलं.

"क्लिप बघितलीय की."

"क्लिप नाही. मॅच."

मग बाबांनी १३ मार्च १९९६ ची रात्र सांगितली. वर्ल्ड कपची सेमीफायनल, कोलकात्याचं ईडन गार्डन्स, समोर श्रीलंका. बाबा तेव्हा वीस वर्षांचे होते, म्हणजे आज मी आहे तेवढेच. चाळीत एकाच्या दारात टी.व्ही. बाहेर काढून ठेवलेला, चाळीस-पन्नास माणसं समोर. श्रीलंकेचे ८ बाद २५१. सचिन खेळत होता तोवर सगळं ठीक होतं. १ बाद ९८. सचिन ६५ वर स्टंपिंग झाला आणि पत्त्यांचा बंगला कोसळावा तशी पडझड झाली. अवघ्या २२ धावांत सात विकेट. ८ बाद १२०. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये आगी लावल्या. शेवटी मॅच रेफ्री क्लाइव्ह लॉईड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. त्या वेळी एका टोकाला नाबाद उभा होता विनोद कांबळी, १० धावांवर. तो रडत रडत बाहेर आला.

"म्हणजे बघ," बाबा म्हणाले, "बाटल्या फेकल्या त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. आगी लावल्या त्यांचीही नाहीत. जो आउट झाला नव्हता आणि ज्यानं काहीच फेकलं नव्हतं, त्याचं नाव तुम्ही पोरं शिवीसारखं वापरताय."

मी गप्प बसलो. थोड्या वेळानं ते पुन्हा बोलले, पण या वेळी माझ्याकडे न बघता. "मी गच्चीवर जाऊन टाकीमागं बसलो होतो त्या रात्री. रडत. तुझे आजोबा वर आले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते काहीच बोलले नाहीत. शेजारी बसून विडी ओढत राहिले. त्या रात्री आम्ही सगळेच रडलो होतो रे. कॅमेरा फक्त त्याच्यावर होता."

सुट्टीत वेळच वेळ होता. मी कांबळीबद्दल मिळेल ते वाचायला लागलो आणि खरं सांगतो, लाज वाटली. कांजूरमार्गच्या एका साध्या कुटुंबातला हा मुलगा क्रिकेटची बॅग घेऊन लोकलच्या गर्दीतून शिवाजी पार्कला यायचा. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर, हॅरिस शील्डच्या सामन्यात, शारदाश्रमकडून खेळताना सचिन आणि विनोदनं ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. त्यात सचिनच्या नाबाद ३२६ आणि विनोदच्या नाबाद ३४९! म्हणजे त्या दिवशी जास्त धावा कुणाच्या होत्या, बघा. १९९३ मध्ये त्यानं लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतकं ठोकली, मुंबईला इंग्लंडविरुद्ध २२४ आणि दिल्लीला झिंबाब्वेविरुद्ध २२७. अवघ्या १४ डावांत १००० कसोटी धावा. १७ कसोटींत १०८४ धावा, सरासरी ५४.२०. आणि शेवटची कसोटी खेळला तेव्हा वय वर्षं २३.

रडला म्हणून त्याची कारकीर्द संपली, असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. शेवटची कसोटी तो त्या रात्रीच्या आधीच, नोव्हेंबर १९९५ मध्ये खेळला होता आणि वनडे तर पुढं २००० पर्यंत खेळत राहिला. उसळत्या चेंडूंवरची अडचण, बेशिस्त, दुखापती अशी कारणं जाणकार सांगतात, त्यात मी पडत नाही. व्यसन आणि आजारपण यांबद्दल तो स्वतःच जाहीरपणे बोललाय. बीसीसीआयच्या पेन्शनवर घर चालतंय, मला काम हवंय, असंही त्यानं २०२२ मध्ये उघड सांगितलं. मला एवढंच म्हणायचंय की इतकं सगळं असलेल्या माणसाची आम्ही एकच गोष्ट लक्षात ठेवली. ५४ ची सरासरी नाही, ६६४ नाही. डोळ्यांतलं पाणी!

आणि त्यातही आपला न्याय वेगळाच असतो. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर वर्ल्ड कप जिंकल्यावर युवराज रडला, हरभजन रडला. ते फोटो आपण जपून ठेवले. २०२४ च्या आयपीएलमध्ये मुंबईचा कर्णधार झालेल्या हार्दिक पंड्याला त्याच वानखेडेवर, स्वतःच्याच संघाच्या प्रेक्षकांनी हुर्यो करून हैराण केलं. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना सांगावं लागलं की नीट वागा. पुढं २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी वर्ल्ड कपच्या फायनलची शेवटची ओव्हर टाकून हाच हार्दिक ढसाढसा रडला आणि हुर्यो करणारे आपणच त्याचं स्टेटस ठेवून मोकळे झालो. थोडक्यात, जिंकून रडला तर तो 'पॅशन', हरून रडला तर 'पोरीसारखा'.

('पोरीसारखा' या शब्दावर आमच्या संपादिकाबाईंनी लाल शेरा मारलाय, 'पोरी काय फक्त रडतात का?' शेरा मान्य.)

या शोधात मला एक अस्सल सोलापूरकरही भेटला. पॉली उम्रीगर! भारताचा हा मोठा फलंदाज आणि कर्णधार २८ मार्च १९२६ रोजी आपल्या सोलापुरात जन्मला, हे किती जणांना माहीत आहे? मला तरी नव्हतं. १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रासला भारतानं पहिली कसोटी जिंकली, त्यात उम्रीगरचं नाबाद शतक होतं. त्याच उन्हाळ्यात संघ इंग्लंडला गेला. समोर तरुण, आग ओकणारा फ्रेड ट्रूमन. दौऱ्यावरच्या इतर सामन्यांत उम्रीगर द्विशतकं काढत होता आणि कसोटीत मात्र सात डावांत मिळून ४३ धावा. ट्रूमन धावत आला की तो लेग साइडला सरकायचा. एका इंग्लिश क्षेत्ररक्षकानं त्याला म्हणे विचारलं होतं, 'जरा मागं सरकतोस का, तुझ्यामुळे मला स्टंप दिसत नाहीत!' हा किस्सा क्रिकेटच्या पुस्तकांतून आजही चवीनं सांगितला जातो.

सहा फुटी धिप्पाड माणूस आणि भित्रा! केवढी मोठी गंमत! पण वेगवान चेंडू अंगावर येताना भीती वाटणं यात गमतीचं काय आहे? तेव्हा ना हेल्मेट होतं, ना आजच्यासारखे पॅड. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, उम्रीगरनं वेस्ट इंडिजमध्ये दोन कसोटी शतकं काढली. १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा काढून भारताचं पहिलं कसोटी द्विशतक नोंदवलं. १९६२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ली हॉलच्या तोफखान्यासमोर नाबाद १७२. एकूण ५९ कसोटी, ३६३१ धावा, १२ शतकं. सोलापूरच्या या पोराला संघानं १९५२ नंतर 'भित्रा' म्हणून घरी बसवलं असतं तर? त्याला पुढची संधी मिळाली म्हणून एवढं घडलं. आमच्या लाँग-ऑनच्या पोराला पुढची मॅचच मिळाली नाही.

कुणी म्हणेल, व्यावसायिक खेळ म्हणजे चेष्टामस्करी आलीच, ड्रेसिंग रूममध्ये सगळेच एकमेकांची उडवतात. मुंबई क्रिकेटला तर 'खडूस' असण्याचा अभिमान आहे. खडूस म्हणजे सहजासहजी हार न मानणारा, हे मलाही आवडतं. पण समोरच्या टीमशी खडूस असणं वेगळं आणि आपल्याच पोराला टोचून टोचून बाहेर काढणं वेगळं.

युझवेंद्र चहलची गोष्ट घ्या. २०१३ मध्ये तो मुंबई इंडियन्सच्या संघात होता. एप्रिल २०२२ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी त्यानं सांगितलं की बेंगळुरूतल्या हॉटेलात दारूच्या नशेतल्या एका खेळाडूनं त्याला पंधराव्या मजल्याच्या बाल्कनीबाहेर लोंबकळत धरलं होतं. हात सुटला असता तर? नाव त्यानं सांगितलं नाही. एवढी गोष्ट बोलून दाखवायला भारतीय संघातल्या गोलंदाजालाही नऊ वर्षं लागली.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. तिथल्या फुटबॉलमध्ये, म्हणजे हेल्मेट घालून खेळतात त्या, मियामी डॉल्फिन्स नावाचा संघ आहे. जोनाथन मार्टिन हा त्यांचा खेळाडू सहा फुटांहून बराच उंच, वजन सव्वाशे किलोच्या वर. एवढ्या माणसाला कोण छळणार? पण सहकारी त्याला घाणेरडे मेसेज पाठवत, आई-बहिणीवरून बोलत. ऑक्टोबर २०१३ मध्ये एके दिवशी तो संघाच्या मेसमध्ये ताट घेऊन टेबलाशी आला आणि टेबलावरचे सगळे उठून निघून गेले. मार्टिननं ताट फेकलं आणि संघ सोडला. फेब्रुवारी २०१४ मध्ये चौकशीचा अहवाल आला. तीन सहकाऱ्यांनी त्याचा सतत छळ केला होता, असं त्यात म्हटलं होतं. ते स्वतः मात्र म्हणत होते की ही तर टीममधली दोस्ती!

मेस, ताट, रिकामं टेबल. हे वाचताना मला मियामी दिसलंच नाही. आपली मेस दिसली.

आपल्या गेटवर रॅगिंगविरोधी बोर्ड आहे. आपण रोज त्याखालून जातो, पण वाचत नाही. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९चा आहे. त्यातली रॅगिंगची व्याख्या मी आता वाचली. मारहाण तर त्यात आहेच, पण मानसिक इजा, लाज वाटेल असं वागणं, चिडवणं आणि थट्टासुद्धा आहे. म्हणजे आम्ही जिला 'गंमत' म्हणत होतो तिला कायद्यात दुसरंच नाव आहे.

आणि आतून मोडणं ही काही दुबळ्यांचीच मक्तेदारी नाही. मार्कस ट्रेस्कॉथिक हा इंग्लंडचा सलामीवीर फेब्रुवारी २००६ मध्ये भारताचा दौरा सोडून अचानक घरी परतला. आधी घरगुती कारण सांगितलं गेलं, नंतर कसलासा व्हायरस. खरं कारण नैराश्य होतं, ते त्यानं २००८ मध्ये आत्मचरित्रात लिहिलं. (घरगुती कारण! हा शब्द मी कुठंतरी वाचला होता.) विराट कोहली २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यात दहा डावांत १३४ धावा करून परतला. त्या काळात आपण नैराश्यात होतो, भोवती माणसं असूनही एकटं वाटायचं, हे त्यानं २०२१ मध्ये सांगितलं. पुढं २०२२ मध्ये तो म्हणाला की मैदानावरचा त्याचा जोश काही काळ उसना होता आणि महिनाभर त्यानं बॅटला हात लावला नव्हता.

आणि सचिन? त्यानं मे २०२१ मध्ये सांगितलं की २४ वर्षांच्या कारकिर्दीतली दहा-बारा वर्षं तो मॅचच्या आधी प्रचंड अस्वस्थ असायचा, रात्र-रात्र झोप यायची नाही. मग कधी स्वतः चहा कर, कधी कपड्यांना इस्त्री कर, असं करत मन शांत करायचा. त्याआधी नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यानं पुरुषांसाठी एक जाहीर पत्र लिहिलं. त्याचा आशय असा की पुरुषानं रडू नये, रडणं म्हणजे दुबळेपणा, असं मानतच मीही वाढलो. पण ते चूक होतं, अश्रू दाखवण्यात लाज नाही. ६६४ धावांच्या भागीदारीतल्या एकानं १९९६ मध्ये जे सगळ्या देशासमोर केलं, त्यात लाज नाही, हे दुसऱ्यानं २०१९ मध्ये लिहिलं. मधली २३ वर्षं आपण हसत होतो.

आता माझं स्वतःचं. आम्हाला शाळेत 'बॉईज डोन्ट क्राय' शिकवलं, गल्लीत 'बायकांसारखं रडू नको' आणि ग्राउंडवर 'मर्द बन'. इंग्रजी, मराठी, हिंदी, तिन्ही भाषांचं याबाबतीत एकमत! मग रडू कुठं जातं? माझं बाथरूममध्ये जातं. फर्स्ट इयरला असताना आजोबा गेले, तेच गच्चीवर विडी ओढत बसलेले. सगळं आटोपून मी हॉस्टेलवर परत आलो. रूममेट म्हणाला, "काय मग, ओके ना?" मी म्हणालो, "ओके." आणि बाथरूममध्ये जाऊन, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ पूर्ण सोडून, दहा मिनिटं रडलो. ज्या शहराची वर्षानुवर्षं पाण्याच्या दिवसाची वाट बघण्यात गेली, त्या सोलापुरात नळ सोडून! बाहेरून वॉचमनकाकांनी दार बडवलं, "कोण बे नळ सोडून बसलंय? टँकर काय तुझा बाप पाठवतो काय?" मी रडता रडता हसलो.

त्यानंतर मला सवय लागली. रात्री अकरानंतर एखादा नळ फार वेळ चालू असला की मी मोजतो. सगळेच काही अंघोळ करत नसतात, मित्रांनो.

ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू झाल्यावर मी त्या मुलाला गाठायचं ठरवलं. दोनदा वर्गाबाहेर थांबलो आणि दोन्ही वेळा पळून आलो. तिसऱ्यांदा सरळ एस.टी. स्टँडवर गेलो. मोहोळकडच्या गाडीला वेळ होता. तो बाकावर बसून शेंगा खात होता. मी शेजारी बसलो. पाठ केलेलं सगळं भाषण विसरलो. एवढंच म्हणालो, "ते नाव मी पाडलं. चुकलं माझं. माफ कर."

तो बराच वेळ काही बोलला नाही. शेंगांचा पुडा माझ्यापुढं केला. मग म्हणाला, "दादा, त्या दिवशी तुम्ही झिरोवर आउट झाला होता ना?"

मी मान हलवली.

"मला माहीत होतं. मी कुणाला बोललो नाही."

गाडी लागली. तो दप्तर घेऊन चढला, खिडकीशी बसला, हात केला. तो अजून हॉस्टेलवर परत आलेला नाही. नेट्सलाही येत नाही. माफी मागितली म्हणून सगळं पूर्ववत होतं असं नाही, हे मला आता कळलंय. हा लेख त्याला आधी दाखवूनच छापायला दिलाय. नाव घालू नका एवढंच तो म्हणाला.

हॉस्टेलमधल्या जुन्या-नव्या सगळ्यांना एक विनंती आहे. कुणाला फारच जड जात असेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, नंबर १४४१६, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. रॅगिंगची तक्रार करायला १८००-१८०-५५२२ आहे. रेक्टरसर आहेत. हे सगळं आहेच. पण रात्री साडेअकरा वाजता यातलं कुणी मोटरच्या खोलीमागं येणार नाही. तिथं आपणच असणार.

तेव्हा 'काय बे, रडतोस काय?' हा प्रश्न विचारायला माझी हरकत नाही. तो आपल्या सोलापूरचाच प्रश्न आहे. फक्त उत्तर ऐकायच्या तयारीनं विचारा. आणि काहीच सुचलं नाही, तर माझ्या आजोबांनी केलं तसं करा. काही न बोलता शेजारी बसा.

(विडी सोडून!)